त्याला पूर्ण सत्रासाठी जाऊ द्या

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी नुसतं "बघू" म्हणून विषय संपवला, ते मनाला लागून राहिलं. म्हणून लिहायला बसले. धाकट्यापुढे सध्या दोन वाटा आहेत. एक त्याच्या विद्यापीठाची: विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या करारातून परदेशात एक अख्खं सत्र. दुसरी त्या खासगी कंपनीच्या माहितीपत्रकातली: सुट्टीत दोन आठवडे परदेशातल्या अनाथाश्रमात मुलांना शिकवायचं, राहण्याजेवणाची सोय त्यांची, शेवटी प्रमाणपत्र. बाबा, तुम्हाला दुसरी बरी वाटते. पंधरा दिवसांत पोरगं घरी, अभ्यास बुडत नाही, वर पुण्याचं काम. आईच्या मनातही तेच आहे, हे तिच्या आवाजावरून कळलं. मला मात्र नेमकं उलटं वाटतं. का, ते सांगायचं तर माझ्या वेळच्या काही गोष्टी आता उघड कराव्या लागतील.

आधी अनाथाश्रमाचं. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. त्यात धाकट्याला एकही प्रश्न विचारलेला नाही. तिथली भाषा येते का, कधी लहान मुलांना शिकवलंय का, पोलीस पडताळणीचा दाखला आहे का, काहीच नाही. पैसे कधी भरणार, एवढंच. आपल्या घरातलं चार वर्षांचं मूल आपण अशा कुणाच्या हाती दिलं असतं का? आई, तूच विचार कर. ते मूल पंधरा दिवसांत या नव्या दादाला बिलगतं, सोळाव्या दिवशी दादा विमानात बसतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. वर्षभर हेच. शिवाय अशा कितीतरी आश्रमांतल्या मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल असं सांगून गरीब घरांतून त्यांना आणलेलं असतं. पैसे देऊन येणारे पाहुणे वाढले की आश्रमाला मुलंही जास्त लागतात. हा माझा एकटीचा संशय नाही. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवर जो ठराव केला, त्यात पर्यटनाच्या निमित्ताने अनाथाश्रमांत चालणाऱ्या स्वयंसेवेतून मुलांचं नुकसान होतं, त्यावर उपाय करा, असं सगळ्या देशांना सांगितलं आहे.

याचा अर्थ बाहेर जाऊन सेवा करूच नये असा नाही. बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते. 1920 साली पिएर सेरेझोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन या गावात स्वयंसेवकांची एक तुकडी नेली. पहिल्या महायुद्धात ते गाव पार जमीनदोस्त झालं होतं. त्या तुकडीत जर्मनही होते, म्हणजे दोनच वर्षांपूर्वीपर्यंतच्या शत्रूची माणसं फ्रेंच शेतकऱ्यांचं गाव सावरायला आली होती. हाच सेरेझोल पुढे 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्येही आला. त्यांच्या कामात आणि या माहितीपत्रकात फरक काय, तर तिथे दगडमाती उपसायची होती, त्याला हात हवे होते, आणि हे काम कुणाही धडधाकट माणसाला जमणारं होतं. धाकट्याला सेवा करायचीच असेल तर असली कामं असलेली शिबिरं आजही भरतात. त्याच्या हाताला जे जमतं आणि तिथल्या माणसांनी जे मागितलंय, तेवढंच त्याने करावं.

आता सत्राबद्दल. तुमची पहिली शंका पैशांची होती. दोन विद्यापीठांमधल्या देवाणघेवाण करारात बहुधा विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाची फी भरतो, तिकडची वेगळी भरावी लागत नाही. राहणं, प्रवास, विमा, व्हिसा हा खर्च आपला, किंवा शिष्यवृत्ती मिळाली तर तिचा. तो कमी नाही, हे मला ठाऊक आहे. पण यात कुणी दलाल नसतो. निवडीच्या आधीच मोठी रक्कम मागणारा भेटला की समजायचं, आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

दुसरी गोष्ट मात्र मी तुम्हाला कधीच सांगितली नव्हती. जाण्यापूर्वी एक अभ्यास-करारपत्र असतं. कोणते विषय तिथे शिकणार आणि ते इथे कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहायचं असतं. विद्यार्थ्याची, इथल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची, अशा तीन सह्या लागतात. युरोपात तर एका पूर्ण सत्राचे 30 क्रेडिट मानतात, त्यामुळे बेरीजही सोपी असते. मी गेले तेव्हा माझे दोन विषय त्या सत्रात शिकवलेच जाणार नव्हते. मी त्यांच्याऐवजी दुसरे घेतले आणि करारपत्र बदलून घ्यायचं राहू दिलं. परत आल्यावर ते दोन्ही विषय धरले गेले नाहीत. त्या उन्हाळ्यात मी रोज लायब्ररीत जायचे, ते पुढच्या वर्षाची तयारी म्हणून नव्हे. मी ते दोन पेपर नव्याने देत होते. तुम्हाला सांगायची लाज वाटली. धाकट्याच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. विषय बदलला की पहिल्या काही आठवड्यांतच नवीन यादीवर तिन्ही सह्या, आणि त्याची प्रत घरी.

फोनवर "मी मजेत आहे" म्हणायचे, तेही सगळं खरं नव्हतं. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस खरंच मजेचे होते. मग एक दिवस वर्गात कुणीतरी काहीतरी म्हणालं, सगळे हसले आणि मला कळलंच नाही. तेवढ्याशा गोष्टीने मी खोलीवर येऊन रडले. पुढचे दोन महिने मी दुकानात काय विचारायचं ते आधी मनात घोकून मग बाहेर पडायचे. आई, तू विचारायचीस, "सगळं ठीक ना?" त्यावर "हो" सोडून दुसरं उत्तर देताच येत नाही गं. त्याला तसं विचारू नकोस. आज कुणाशी बोललास, असं विचार. त्यावर तो गप्प राहिला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी फोन कर.

नंतर वाचनात आलं की हे बऱ्याच जणांचं होतं. 1955 साली स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास केला. त्याला आढळलं की सुरुवात चांगली जाते, मध्ये माणूस खचतो आणि मग हळूहळू सावरतो. पुढे 1963 मध्ये गलाहॉर्न पतिपत्नींनी त्यात भर घातली: घरी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा एकदा होतो. हे वाचलं तेव्हा मला आपलं घर आठवलं. मी परत आले आणि महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही. बाबा, तुम्हाला वाटलं पोरगी शेफारली, आम्ही आता हिला कमी वाटतो. तुम्ही तसं बोलूनही दाखवलंत. तसं नव्हतं हो. तिथे मी एकटीने घर शोधलं होतं, आजारपण काढलं होतं, परक्या भाषेत भांडून माझी अनामत रक्कम परत मिळवली होती. आणि इथे दारात पाऊल टाकताच मी पुन्हा पूर्वीचीच मुलगी झाले. या दोघींना एका अंगात कसं बसवायचं ते मला कळत नव्हतं. ते तुम्हाला सांगायला तेव्हा शब्दही नव्हते. आज सांगतेय, त्याला बरीच वर्षं लागली.

म्हणून पंधरा दिवस नकोत. पंधरा दिवसांत फक्त तो पहिला मजेचा भाग होतो आणि माणूस फोटो घेऊन परततो. खचण्याला आणि सावरण्याला वेळ लागतो, आणि मला जे मिळालं ते सगळं त्या सावरण्यात मिळालं.

गेला की परत येणार नाही, ही तुमची खरी भीती आहे ना? फोनवर तुम्ही दोघांनीही ती बोलून दाखवली नाहीत, तरी ऐकू आली. सत्राचा विद्यार्थी इथलाच विद्यार्थी असतो, पदवी इथलीच मिळते, म्हणून त्याला यावंच लागतं. काही योजनांत तर परतण्याची अट लेखी असते. फुलब्राइटवर अमेरिकेत गेलेल्याला सहसा दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथे स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. त्यापुढे, पदवीनंतर तो काय ठरवेल, याची हमी मी देऊ शकत नाही आणि खोटी देणारही नाही.

शनिवारी सकाळी मी येतेय. धाकट्याला सांगा, विषयांची यादी, विम्याचे कागद आणि राहण्याच्या जागेचं पत्र काढून ठेव. सगळे मिळून एकेक ओळ वाचू. बाबा, तुमचा चष्मा आणि लाल पेन तयार ठेवा. तातडीच्या संपर्काच्या रकान्यात माझ्या वेळी तुम्ही एकट्या बाबांचं नाव घातलं होतं. या वेळी आईचंही घालू.

तुमची,
थोरली