आधी खोडरबर गोळा कर

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. प्रकृती ठीक. गुडघा आहे तसाच आहे.

तू शाळेतल्या मुलांची सर्जनशीलता कसोटी घेतलीस, तिच्या अहवालाचा मसुदा वाचल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणापुढे बोलायची सोय नाही. निष्कर्षातलं तिसरं वाक्य: ‘मौलिकतेत मुलगे सरस, विस्तारात मुली सरस, सुशिक्षित पालकांची मुले अधिक सर्जनशील.’ म्हणजे इतरांना न सुचणाऱ्या उत्तरांत मुलगे पुढे, आणि कल्पनेत बारकावे भरण्यात मुली. एवढंच असतं तर ते कपाटात जाऊन पडलं असतं. पण मोठ्या बाईंनी समासात लिहिलंय, ‘पुढील वर्षी उपक्रम गटाची निवड या गुणांवरून करावी.’ ते वाचून पोटात गोळा आला. सहावी-सातवीत एखाद्या पोरीवर ‘नीटनेटकी, पण साचेबद्ध’ असा शिक्का बसला की पुढे तिच्या हातात मोकळं सामान कुणी देत नाही. मग दोन वर्षांनी तो शिक्का खरा ठरतो आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हटलंच होतं.

आकड्यांपासून सुरू करते, कारण तू आकड्यांचा माणूस. २०० मुलगे, २०० मुली, सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुण सरासरीभोवती जेवढे पसरलेत त्याच्या, ०.२ पट. टी-मूल्य, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा, २ येतं आणि तक्त्यात ०.०५ पातळीवर ‘सार्थ’ म्हणून तारा पडतो. गणित बरोबर आहे. पण एक मुलगा आणि एक मुलगी अशा १०० जोड्या चिठ्ठ्या टाकून काढल्यास, तर साधारण ५६ जोड्यांत मुलगा पुढे असेल आणि ४४ जोड्यांत मुलगी. एवढ्या भांडवलावर वर्गाचे दोन भाग पाडायचे? नमुना ४०० ऐवजी १०० चा असता तर हाच फरक ‘सार्थ नाही’ म्हणून तूच एका ओळीत उडवला असतास. बेअर आणि कॉफमन या संशोधकांनी २००८ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलगे-मुली असा फरक सापडलाच नव्हता. सापडला तिथेही तो एकाच बाजूला झुकलेला नव्हता.

आता गुणदान. मौलिकतेचे गुण आपण बेरजेने देतो, म्हणून जो भरभर लिहितो त्याची बेरीज आपोआप फुगते. २० उत्तरं लिहिणाऱ्याची ४ दुर्मीळ निघाली आणि ६ लिहिणाऱ्याची २, तर आपण पहिल्याला दुप्पट मौलिक ठरवतो. प्रमाण काढलं तर दुसरा पुढे आहे! बाकर मेहदींच्या शाब्दिक सर्जनशीलता कसोटीत ४८ मिनिटं लिहायचं असतं. घरी शाळेची भाषा न बोलणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ शब्द जुळवण्यात जातो, आणि तक्त्यात ते ‘प्रवाहिता कमी’, म्हणजे कल्पनाच कमी सुचतात, म्हणून उमटतं. पालकांच्या शिक्षणाचा जो परिणाम तू मांडलायस, त्यातला किती भाग लेखनाच्या वेगाचा आहे, हे या तक्त्यावरून सांगताच येणार नाही.

स्टॉपवॉचवरून आपण पूर्वी भांडलोय, अण्णांना मध्ये पडावं लागलं होतं. ते भांडण मी पुन्हा उकरून काढतेय. वॉलॅक आणि कोगन यांनी १९६५ मध्ये पाचवीच्या मुलांना एकेकटं बसवून, खेळ म्हणून, वेळेचं बंधन न घालता अशाच प्रकारचे प्रश्न विचारले. तेव्हा कुठे सर्जनशीलतेचे गुण बुद्धिमत्तेच्या गुणांपासून स्पष्ट वेगळे झाले. आपल्या भांडणात तू म्हणाला होतास की वेळ न लावता एवढी मुलं कशी उरकायची. अरे, उरकायची कशाला? ६० घे, पण नीट घे.

आणि ते काठीचं उत्तर! काठीचे उपयोग विचारलेत, तर एकाने (की एकीने, नाव झाकलेलं आहे) लिहिलंय, ‘लपवून ठेवणे, म्हणजे सर वापरणार नाहीत.’ मी मोठ्याने हसले. तुझ्या परीक्षकाने बाजूला ‘विसंगत’ लिहून शून्य दिलंय. अख्ख्या गठ्ठ्यात हे दुसऱ्या कुणाला सुचलेलं नाही, आणि नेमकं तेच शून्यात गेलं. त्या परीक्षकाला माझ्यातर्फे हे पान पुन्हा वाचायला दे.

मुलींच्या अपूर्ण आकृत्यांचे कागद, ज्यांत दिलेल्या अर्ध्या रेषेतून चित्र पुरं करायचं असतं ते, उजेडात तिरके धरून बघ. मी बघितले. खाली पुसलेल्या रेषा दिसतात. एका कागदावर त्या अर्ध्या वक्ररेषेतून आधी पाय फुटलेलं, दोन तोंडांचं काहीतरी भलतंच निघालं होतं. ते खोडून वर फुलदाणी काढलीय, पाकळी-पाकळीला छाया देऊन. विस्ताराला पूर्ण गुण, मौलिकतेला शून्य. ते दोन तोंडांचं जनावर तिला सुचलं होतंच ना? मग ते पुसलं का, हा माझा सगळा प्रश्न आहे. बेअर यांनी १९९७ मध्ये आठवीच्या मुलामुलींना आधीच सांगितलं की तुमचं काम तपासलं जाणार आहे. मुलींच्या कामातली सर्जनशीलता उतरली, मुलग्यांना फारसा फरक पडला नाही. तुझ्या सूचनापत्रकाची पहिलीच ओळ आहे, ‘तुमच्या उत्तरांना गुण दिले जातील.’ ही ओळ आजच काढ.

मुलगेही यातून सुटत नाहीत. टॉरन्स यांनी लहान मुलांना खेळण्यांत सुधारणा सुचवायला सांगितलं, तेव्हा नर्सची पेटी समोर आली की काही मुलगे गप्पच झाले. काहींनी आधी ती डॉक्टरची पेटी करून टाकली, मग भराभर कल्पना यायला लागल्या. विज्ञानाच्या खेळण्यांवर मुली अशाच मागे राहिल्या होत्या. शिक्षक आणि पालकांशी बोलून पुढच्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा केला, तर कल्पनांच्या संख्येतला फरक उरला नाही. पण मुलग्यांच्या कल्पना जास्त चांगल्या, असं मुलग्यांना वाटत राहिलं आणि मुलींनाही वाटत राहिलं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं.

घराचं म्हणशील तर आईबापांची पदवी मोजून हाती काय लागणार? घरात मुलाची चूक किती महाग पडते, ते बघायला हवं. बंद पडलेली टॉर्च उघडून बघायची परवानगी कुठल्या घरात मिळते? जिथे बिघडली तर दुसरी आणता येते, तिथे. समाजशास्त्रज्ञ मेल्व्हिन कोन यांनी १९६९ मध्ये हेच कामाच्या बाजूने मांडलं होतं: ज्यांच्या नोकरीत सांगितलं तेवढंच करावं लागतं, ते मुलांना आज्ञा पाळायला शिकवतात, आणि ज्यांना कामात स्वतः ठरवावं लागतं, ते मुलांच्या प्रश्नांना जास्त जागा देतात. त्यात दोष कुणाचाच नाही, जे उपयोगी पडतं तेच आईबाप शिकवतात. मोठ्या बहिणीचं आणखी वेगळं. धाकट्याला सांभाळता सांभाळता तिला दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळतात, आणि सुचलेली गोष्ट तुकड्यांत शेवटाला जात नाही. गरिबीने माणूस कल्पक होतो असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, दमलेल्या मुलाला काही सुचत नाही. उलट सुखवस्तू घरात दुसरी गंमत. प्रदर्शनातला तो दिवे लागणारा थर्माकोलचा प्रकल्प कुणाच्या वडिलांनी रात्री जागून केलाय, हे सगळ्या वर्गाला माहीत असतं, आणि बक्षीस त्यालाच.

बक्षिसांवरूनही आपलं वाजलंय, म्हणून एवढंच: ॲमाबाइल यांनी १९८२ च्या अभ्यासात ७ ते ११ वर्षांच्या मुलींना कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं करायला दिली. बक्षिसासाठी चढाओढ लावलेल्या गटाची चित्रं कलावंतांनी कमी सर्जनशील ठरवली.

तर पुन्हा घेशील तेव्हा असं कर. सुरू करण्याआधी सगळ्यांचे खोडरबर गोळा कर आणि पेन्सिलीऐवजी पेन दे. प्रत्येकाला आकृत्यांचे दोन कागद दे, म्हणजे पहिला ‘वाया’ घालवायची मुभा राहील, आणि दोन्ही कागद तपास. पाच मिनिटं बिनगुणांचा वेडा प्रश्न विचार, वर्ग हसला की मग खरी कसोटी. ज्यांचा हात लिहिण्यात अडखळतो त्यांची उत्तरं तोंडी घे, जशीच्या तशी टिपून. मग सगळी उत्तरं तिसऱ्याकडून टाइप करून घे, नाहीतर अक्षरावरून मुलगी कळते आणि परीक्षकाचा हात आपोआप तसा वळतो. दोन परीक्षक वेगवेगळे बसव. त्यांच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे दोघांचे गुण किती सोबत चढउतार करतात तो आकडा (जास्तीत जास्त १), ०.८० च्या खाली आला तर गुण वापरू नकोस, आधी निकष पुन्हा बोलून घ्या. दुर्मीळ काय ते पुस्तकातल्या कोष्टकावरून ठरवू नकोस, याच मुलांची वारंवारिता मोज. १०० पैकी ५ किंवा त्याहून कमी मुलांनी दिलेलं ते दुर्मीळ. आणि बेरजेऐवजी मुलाला स्वतःची सर्वांत आवडती दोन उत्तरं निवडू दे, गुण त्या दोनांनाच. सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही रीत वापरली आहे, त्यात भरभर लिहिण्याचा फायदा फारसा उरत नाही.

विश्लेषणात आईचं शिक्षण एकटं घेऊ नकोस. मोकळा सलग वेळ किती, घरात काय उघडायला परवानगी आहे, धाकटं भावंड कोण सांभाळतं, एवढे तीन प्रश्न घाल.

आणि गट. मोठ्या बाईंना सांग की निवड नको, पाळी लावा. प्रत्येक मुलाला स्वतःचं सामान. एका टेबलावर चौघांत एकच संच दिलास की पक्कड मुलग्याच्या हातात जाते आणि वही मुलीच्या हातात, आणि अर्ध्या तासाने ‘कल्पना कुणाची?’ विचारलं की सगळे पक्कडवाल्याकडे बघतात. कल्पना वाचून दाखवताना नावं घेऊ नकोस. वाटल्यास बाईंशी मी बोलते, माझं त्या ऐकतात.

तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना सांग, पुस्तक मिळालं. धाकटीच्या शाळेचं काय ठरलं तेही लिही.

अहवाल सोमवारी जाणार असेल तर त्याआधी तिसरं वाक्य काढ, नाहीतर निदान ५६ आणि ४४ हे आकडे त्याच्या शेजारी छाप. तुझा गठ्ठा मी ठेवून घेतलाय, फुलदाणीचा कागद वर आहे. ये, घेऊन जा.

तुझीच