गच्चीवर वाऱ्याचे यंत्र बसवण्याच्या परवानगीसाठी अध्यक्षांना पत्र

दि. २ मार्च २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, शाहूपुरी, सातारा

विषय : लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला ३ मीटरचा लोखंडी पाइप लावून त्यावर वायुवेगमापक बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

गेली तीन वर्षे मी आपल्या गच्चीवर पर्जन्यमापक आणि माझ्या गॅलरीत तापमान व आर्द्रता मोजणारे यंत्र चालवत आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. रोज सकाळी साडेआठ वाजता पावसाचा आकडा खालच्या सूचना फलकावर लिहितो. साडेआठचीच वेळ एवढ्यासाठी, की हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजते. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे नोंदवह्या सांभाळल्या, त्यामुळे वेळ चुकवणे मला जमत नाही. जुलैत लिफ्टमध्ये कोणी ना कोणी "आज किती झाला?" असे विचारते, तेव्हा या कामाचे चीज झाल्यासारखे वाटते.

या सगळ्यात वाऱ्याची नोंद मात्र दिवाळीपासून बंद आहे. इमारतीच्या रंगकामाच्या वेळी झुल्याचा दोर गॅलरीतल्या यंत्रात अडकला आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या तीन वाट्यांपैकी दोन मोडल्या. कामगारांची त्यात काही चूक नव्हती, यंत्र त्यांच्या वाटेतच होते. पण यंत्राच्या कंपनीने ते मॉडेल बंद केले आहे, सुटा भाग मिळत नाही. चार महिने शोधाशोध केल्यावर मी दुसऱ्या कंपनीचा वायुवेगमापक घेतला. तो आता घरी आहे आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

मागच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले होते, "एका कंपनीचे यंत्र आणि दुसऱ्या कंपनीच्या वाट्या, मग आकडा खरा कशावरून?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. बैठकीत वेळ नव्हता, म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

वाट्यांचे वायुवेगमापक पहिल्यांदा लोकांसमोर आणले ते आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी, १८४६ साली. वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, वाटी लहान असो वा मोठी, असे त्यांना वाटले होते. पुढे ते चुकीचे ठरले. वाटीचा व्यास आणि दांडीची लांबी बदलली की हे गुणोत्तर बदलते. म्हणून प्रत्येक कंपनीच्या वाट्यांचा गुणक वेगळा असतो. वाट्यांच्या खाली एक चुंबक फिरतो, तो एका बारीक स्विचला दर फेरीत एकदा किंवा दोनदा मिटवतो, आणि घरातले यंत्र त्या टिचक्या मोजते. माझे जुने यंत्र सेकंदाला एक टिचकी म्हणजे ताशी २.४ किलोमीटर वारा असे धरते. नव्या वाट्यांना मात्र सेकंदाला एक टिचकी यायला ताशी ३.६ किलोमीटर वारा लागतो. तार नुसती जोडून दिली असती, तर ६० चा वारा यंत्राने ४० दाखवला असता. शंका घेणाऱ्या सदस्यांचे म्हणणे खरे ठरले असते.

म्हणून माझ्या भाच्याने मध्ये एक छोटे सर्किट बसवले आहे. ते नव्या वाट्यांच्या टिचक्या घेते, हिशेब करते आणि जुन्या यंत्राला कळेल अशा टिचक्या पुढे पाठवते. वातकुक्कुटाचाही, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या सुईचाही, असाच प्रश्न होता. जुन्यात आठ चुंबकी स्विच होते. सुई दोघांच्या मधोमध आली की दोन्ही एकदम मिटत, आणि आठांतून सोळा दिशा मिळत. नव्यात रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा फिरता रोध आहे. तो सलग कोन देतो, फक्त पूर्ण फेरी जिथे संपते तिथे त्याला बारीकशी खाच असते आणि तेवढ्या जागेत कोन कळत नाही. ती खाच आम्ही उत्तरेला ठेवली आहे, कारण आपल्याकडे निव्वळ उत्तरेचा वारा मला क्वचितच दिसला आहे.

पहिल्या रात्री टेबल फॅनसमोर ठेवून पाहिले, तर मध्येच ताशी १८७ किलोमीटर अशी नोंद आली. स्विचचे पाते मिटताना किंचित उसळते, त्यामुळे एका टिचकीच्या दोन-तीन मोजल्या जातात. आता १० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी टिचकी सर्किट सोडून देते. त्यानंतर असा आकडा एकदाही आलेला नाही.

मग खरी परीक्षा घेतली. वारा पडलेला असताना, पहाटे, गावाबाहेरच्या सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या कॅरिअरला उभा पाइप बांधला आणि वाट्या टपापासून चांगल्या सव्वा मीटर वर ठेवल्या, कारण टपालगत हवा दाबली जाऊन जोराने वाहते. जीपीएसवर ताशी ४० चा वेग धरून गाडी नेली आणि तशीच परत आणली. जाताना समोरून झुळूक असली, तर येताना ती पाठीमागून लागते आणि सरासरीत तिचा परिणाम निघून जातो. अशा सहा फेऱ्या केल्या. सरासरी ३९ ते ४१ च्या मध्ये आली. त्या नोंदींचा कागद सोबत जोडला आहे.

आता जागेबद्दल. पूर्वीप्रमाणे गॅलरीतच का नको, असे आपण विचाराल. माझी गॅलरी पूर्वेला आहे. जुलैत यवतेश्वराकडून वारा उतरतो, समोरच्या नारळाच्या झावळ्या पिंजून निघतात, आणि गॅलरीतले यंत्र तेव्हा ४ नाहीतर ५ दाखवायचे. इमारतीच्या आडोशाला वारा नसतो, असते ती नुसती घुसळण. म्हणूनच तीन वर्षांत मी पाऊस फलकावर लिहिला, वारा एकदाही लिहिला नाही. जो आकडा मलाच पटत नव्हता, तो मी चाळीस घरांना कसा सांगणार?

जागतिक हवामान संघटनेचा नियम असा की वारा मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंचीला मोजावा, आणि कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट दूर असावा. शहरात, तेही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, अशी जागा मिळणार नाही. आपल्या हातात उंची तेवढी आहे. सपाट गच्चीच्या कठड्यावर वारा आदळला की वर उसळतो आणि कठड्यामागे भोवरे तयार होतात. त्या भोवऱ्यांच्या वर जायचे, तर लिफ्टच्या खोलीची भिंत हीच एक जागा आहे. पाइपाचा खालचा एक मीटर भिंतीला आणि वरचे दोन मीटर खोलीच्या छताच्या वर, अशी माझी योजना आहे. तिथला आकडा मैदानातल्या १० मीटरच्या आकड्याइतकाच येईल असा माझा दावा नाही; इमारतीवरून जाताना वारा वाढतो. फलकावर मी "गच्चीवरचा वारा" असेच लिहीन. पण जागा तीच, उंची तीच, यंत्र तेच, त्यामुळे या वर्षीचे वादळ मागच्यापेक्षा मोठे होते की लहान हे नक्की सांगता येईल.

हवामान खात्याचा इशारा येतो तो जिल्ह्याचा, "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा" असा. पण सगळ्या जिल्ह्यात हवा सारखी नसते : आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात ५०० च्या आसपास. राज्याच्या महावेध योजनेत महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे आणि पीकविम्यासाठी त्याचा मोठा आधार आहे. पण आपल्या पार्किंगच्या छपरावर किती वारा आदळला, हे ते केंद्र सांगू शकत नाही.

आणि माझा मुख्य मुद्दा पार्किंगच्या छपराचाच आहे. गेल्या मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात दोन पत्रे उडाले. एक समोरच्या भिंतीवर अडकला, दुसरा मुलांच्या सायकली लावतो तिथे पडला. दहा मिनिटांपूर्वी तिथे तीन मुले होती. त्या दिवशी किती वारा होता यावर आपल्यात आठवडाभर चर्चा झाली, कोणी ५० म्हणाले, कोणी १००. आकडा कोणाकडेच नव्हता, आणि कंत्राटदाराने "असा वारा पुन्हा येत नाही" असे म्हणून तसेच हुक पुन्हा ठोकले.

इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, याचा हिशेब सोपा करून देते. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. ताशी ६० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण १७ किलोचा रेटा. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ४ ते ५ किलो. म्हणजे वारा ६० वर गेला की पत्रा वजनाने जागेवर राहत नाही, तो फक्त हुकांनी राहतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्याच मानकात पुण्यासाठी इमारती बांधताना धरायचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. तेवढ्या वाऱ्यात ३ चौरस मीटरच्या एका पत्र्याला पावणेतीनशे किलोच्या पुढे रेटा बसेल. कंत्राटदाराचे हुक गंजलेले आहेत, मी स्वतः हात लावून पाहिले आहेत. आपल्याला वर्षातून किती वेळा ६० च्या वरचे झोत मिळतात हे एका हंगामाच्या नोंदीतून कळले, तर पुढचे अंदाजपत्रक त्या आकड्यावर मागता येईल. हुक बदलण्यासाठी मात्र कृपया नोंदीची वाट पाहू नका.

याच हिशेबाने माझ्या पाइपाकडेही पाहावे. दीड इंची जीआय पाइप, वजन साधारण ११ किलो. ताशी १४० च्या वाऱ्यातही त्या संपूर्ण पाइपावर १६ किलोच्या आसपास रेटा येतो. त्यासाठी चार क्लॅम्प आणि जाड वॉल बोल्ट लावणार आहे.

गळतीची भीती सगळ्यांना आहे, पाचव्या मजल्यावरच्या काकूंना तर रास्तच आहे. दोन पावसाळे त्यांनी बादल्या लावून काढले. म्हणून स्पष्ट लिहितो, स्लॅबला किंवा वॉटरप्रूफिंगला एकही भोक पडणार नाही. बोल्ट जातील ते लिफ्टच्या खोलीच्या उभ्या भिंतीत, छताच्या कडेपासून फूटभर खाली, आणि प्रत्येक भोक सीलंटने भरले जाईल. तार टीव्हीच्या केबलच्या डक्टमधून खाली येईल. काम चालू असताना काकूंनी किंवा त्यांच्या मुलाने तिथे उभे राहावे, अशी माझीच विनंती आहे.

विजेबद्दलही विचार केला आहे. खोलीच्या छतावरच्या वीजरोधकाचा खांब ५ मीटर उंच आहे, माझ्या पाइपाचे टोक त्याच्या टोकापेक्षा ३ मीटर खाली आणि खांबापासून १.८ मीटर अंतरावर राहील. म्हणजे वीजरोधक आपल्या टोकापासून ४५ अंशांत संरक्षणाची जी छत्री धरतो, तिच्या ते आत आहे. पाइप वीजरोधकाच्या अर्थिंगच्या पट्टीला परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेईन. हे मोजताना एक गोष्ट दिसली : ती पट्टी पूर्वेच्या कोपऱ्यात जमिनीत जाते तिथला बोल्ट गंजून सैल झाला आहे. माझा अर्ज मंजूर होवो न होवो, तेवढी दुरुस्ती आणि अर्थिंगची तपासणी एप्रिलच्या आत करून घ्यावी.

या यंत्रातून कोणतेही रेडिओ तरंग बाहेर पडत नाहीत, टिचक्या तारेतून येतात. मोबाइल टॉवरशी याचा संबंध नाही.

उद्या कोणीही गच्चीवर काहीही लावायला मागेल, हा आक्षेपही ऐकला. गच्ची सामायिक आहे हे मला मान्य आहे. म्हणून मी जागा माझ्यासाठी मागत नाही. यंत्र, पाइप, तार आणि मजुरी यांचा सगळा खर्च माझा. नोंदवही मात्र संस्थेची असेल आणि कार्यालयात राहील. समितीने लेखी कळवले तर आठ दिवसांत सगळे उतरवून भिंत पूर्ववत करून देईन. मी परगावी असताना नोंद घ्यायला ए विंगमधली नववीतली मुलगी तयार आहे. तिला मी आकडे वाचायला शिकवले आहे, आणि मागच्या ऑगस्टमध्ये आठवडाभर पावसाची नोंद तिनेच घेतली होती, एकही दिवस न चुकता.

पाडवा ३० तारखेला आहे आणि एप्रिल लागला की वळवाचे दिवस सुरू होतात. त्याआधी पाइप उभा राहिला तर या हंगामातले पहिले वादळ नोंदीत येईल. म्हणून मार्चच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी यंत्र जोडून गच्चीवर ठेवणार आहे. समितीच्या सदस्यांनी आणि ज्यांना शंका असेल त्या सर्वांनी यावे, वाट्या हाताने फिरवून पाहाव्यात आणि गाडीवरच्या चाचणीचे आकडे तपासावेत.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ४०२, बी विंग

सोबत : चाचणीच्या सहा फेऱ्यांच्या नोंदी, लिफ्टच्या खोलीचे मापांसह रेखाचित्र