आई, दुसऱ्या शनिवारी ये

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलत असताना पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या भाजण्याचा विषय निघाला की आई गॅसवर दूध आहे म्हणून आत जाते आणि बाबा इकडच्या पावसाची चौकशी करू लागतात, म्हणून लिहीत आहे.

गेले आठ महिने, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपीच्या खोलीत जाते. माझ्यासारखीच भाजलेली दहा-बारा माणसे तिथे जमतात: कोणी स्टोव्हच्या भडक्यात सापडलेले, कोणी दिवाळीच्या भुईनळ्याने, तर एक गृहस्थ विजेच्या तारेने. अमेरिकेत विमान अपघातात भाजलेल्या ॲलन ब्रेस्लाऊ यांनी १९७७ साली फिनिक्स सोसायटी स्थापन केली, ती भाजलेल्याला भाजलेल्यानेच जाऊन भेटावे या विचारातून. मला अशी माणसे भेटायला छत्तिसावे वर्ष उजाडले. तुम्हाला सांगितले नाही, कारण आपण कुठे कमी पडलो, असे तुमच्या मनात येईल याची भीती वाटली.

'कशाने भाजलं?' हा प्रश्न मला शाळेत, लोकलमध्ये आणि बघायला आलेल्या मंडळींनीही विचारला आहे. पहिल्या शनिवारी शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी मात्र विचारले, "मे महिन्यात कसं करतेस गं?" लावलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता तिथून नीट बाहेर पडत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. मी पर्समध्ये ओला पंचा ठेवते, त्या पाणी फवारायची बाटली ठेवतात. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो असू. आई, मावसबहिणींच्या लग्नांसाठी तू हौसेने शिवून घेतलेल्या लांब बाह्यांच्या, बंद गळ्याच्या ब्लाउजांत मी उकडून निघत असे. तू लोकांच्या नजरा चुकवत होतीस हे कळत होते, म्हणून कधी बोलले नाही. तो राग माझ्यात बरीच वर्षे होता. आज तो लिहून टाकला, एवढेच.

मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का, असा डॉक्टरांचा हिशेब असतो. माझ्या केसपेपरवर २२ टक्के लिहिले आहे. चार वर्षांच्या माझ्या बावीस तळव्यांनी झाकली असती एवढी ती जागा. बाकीचे तुम्हीच जास्त जाणता: मांडीची कातडी काढून मानेला आणि हाताला लावणे, मी वाढत गेले तरी व्रण वाढेना म्हणून नवव्या आणि चौदाव्या वर्षी आखडलेली मान पुन्हा सोडवणे. व्रण दाबून ठेवायला दिवसाचे तेवीस तास घालायची ती घट्ट प्रेशर गारमेंट्स बाबा रात्री हाताने धूत आणि उन्हाने इलॅस्टिक सैल पडते म्हणून सावलीतल्या दोरीवर वाळत घालत. एक अंगात, एक दोरीवर. बाबा, ती दोरी मला अजून दिसते.

मे महिन्यात आमच्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली. तिला सुरुवातीला दात्याची त्वचा लावून जखम झाकली होती. मृत्यूनंतर दान केलेली त्वचा जपून ठेवणारी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली त्वचापेढी २००० साली सुरू झाली, माझ्या अपघातानंतर सात वर्षांनी. मुलगी कागदावर रंगवत बसली होती आणि तिची आई दाराजवळच उभी राहिली. बसा म्हटले तरी बसेना. शेवटी म्हणाली, "मी फक्त एक मिनिट पाठ फिरवली होती." आई, हे वाक्य तू आजीसमोर, डॉक्टरांसमोर, माझ्या वर्गशिक्षिकेसमोर म्हटलेले मी ऐकले आहे, अगदी याच शब्दांत.

मला नरकचतुर्दशीची ती पहाट आठवते. तू उकळत्या पाण्याचे पातेले न्हाणीघरात ठेवून विसणाला थंड पाणी आणायला गेलीस. जाताना 'आत यायचं नाही' असे मला दोनदा बजावलेस. वाफेत हात घालायचा म्हणून मीच पाट ओढून त्यावर चढले. आजी तुला बोलत असताना मी हे सांगायला हवे होते. आधी भीतीने आणि पुढे सवयीने गप्प राहिले. तेव्हापासून तू दर नरकचतुर्दशीला थंड पाण्याने अंघोळ करतेस, हे बाबांनी मला गेल्या वर्षी सांगितले.

त्या मुलीच्या आईंना मी पुष्कळ समजावले. पण मी पडले मुलीच्या बाजूची, माझ्या बोलण्याने त्यांचे समाधान होत नाही. त्यांना तुझ्याशी बोलू दे. तुला भाषण करायचे नाही, नुसते शेजारी बसायचे आहे. शुक्रवारी दुपारच्या एसटीने दोघे निघा, मी ठाण्याला घ्यायला येईन.

आणि बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत माझे ते पहिले, पिवळट पडलेले प्रेशर गारमेंट आहे, ते न विसरता आणा. ती मुलगी तिचे घालायला रोज रडते. माझेही एवढेच होते, हे तिला दाखवायचे आहे.

तुमची,
सुमा