वाचनाची यादी पानांत मोजा

महोदय,

जानेवारीत केलेली वाचनाची यादी मार्चपर्यंत बारगळते, कारण ती पुस्तकांच्या संख्येवर बेतलेली असते. हिशेब पानांचा हवा. रोज 20 पाने, वर्षातले 300 दिवस धरले तर 6,000 पाने होतात, म्हणजे 250 पानांची 24 पुस्तके. यादीत मात्र 16च लिहावीत; मध्येच हाती येणाऱ्या पुस्तकांना जागा लागतेच. शिगमो, चवथ, दिवाळी हे आठवडे कोरे सोडावेत. जाडजूड कादंबरी पावसाळ्यासाठी ठेवावी. वैचारिक ग्रंथ सलग दोन घेऊ नयेत, गाडे तिथेच अडते. आणि विकत घेण्याआधी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून पहिली 30 पाने वाचावीत. 1832 पासूनची परंपरा असलेले हे ग्रंथालय आपल्या वाचकांनी अधिक वापरायला हवे.

– एक वाचक, फोंडा