कॅसला जाणार असशील तर

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

पिट्सबर्गहून वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला जायचा तुमचा बेत कळला. तिथल्या डोंगर चढणाऱ्या वाफेच्या गाडीने वाटेतल्या व्हिटेकरपर्यंतची दोन तासांची फेरी करून परतू नका. बॉल्ड नॉब या शिखराची, साधारण साडेचार तासांची फेरी घ्या. ती रोज नसते, म्हणून आधी तिचं तिकीट पक्कं करा आणि मग मुक्कामाचं बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं रंगतात, तेव्हा जागा भराभर संपतात. त्या दिवशी वाफेचंच इंजिन लावणार ना, हेही तिकीट काढतानाच विचारून घे.

रूळ अकरा मैलांचे, पण चढ काही ठिकाणी ११ टक्के, म्हणजे नऊ फुटांना एक फूट. आपल्या बोरघाटात तो ३७ फुटांना एक आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. माथेरानच्या गाडीचा सगळ्यात अवघड चढ २० ला एक. मग कॅसचं इंजिन चढतं कसं, हे गाडी सुटण्याआधी फलाटावरच बघून घे.

साध्या वाफेच्या इंजिनात बरंचसं वजन टेंडरवर (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यावर) आणि पुढच्या लहान चाकांवर पडतं. ती चाकं नुसती फिरतात, ओढत नाहीत. मिशिगनच्या एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनात उजव्या अंगाला उभे सिलिंडर असतात. त्यांच्याखालून लांब शाफ्ट जातो, त्याला वळणावर वाकू देणारे युनिव्हर्सल जॉइंट, आणि तो बेव्हल गिअरवरून, म्हणजे तिरक्या दातेरी चाकांवरून, प्रत्येक चाकजोडी फिरवतो. कोळसा आणि पाणी यांचं ओझंही ओढणाऱ्या चाकांवरच येतं. सिलिंडर एका बाजूला, म्हणून तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. समोरून बघशील तर इंजिन चक्क वाकडं दिसेल. उभी राहायचं ते उजवीकडे. डावीकडून यातलं काहीच दिसत नाही. आवाजावरून गाडी सुसाट निघाल्यासारखी वाटते, पण तो गिअरचा खेळ आहे. वेग सायकलवाल्याएवढाच. ५ क्रमांकाचं शे १९०५ पासून याच मार्गावरचं. ६ क्रमांकाचं १९४५ चं, १६२ टनांचं, आणि जगातलं शेवटचं बांधलेलं शे. दोन्हींतलं कुठलं मिळतं ते नशीब.

बहुतेक वाटेवर इंजिन खालच्या टोकाला जोडून डबे वर ढकलतात, कारण मधली जोडणी तुटली तर डबे घरंगळत जाऊ नयेत. तेव्हा त्याचं तोंडही चढाकडेच असतं. त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे, कोळसा जळतो त्या फायरबॉक्सकडे राहतं. उलटं लावलं तर फायरबॉक्सच्या छतावरचं पाणी ओसरेल, पत्रा तापून मऊ पडेल आणि बॉयलर फुटण्याची वेळ येईल. वाटेत दोन ठिकाणी गाडी थांबून उलट दिशेने चढते. खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत असंच एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. त्या दोन ठिकाणांमधल्या टप्प्यात इंजिन वरच्या टोकाला येतं, आणि धूर थेट डब्यांवर. इंजिनाजवळच्या डब्यात आवाज सर्वात छान, पण कोळशाचे कणही सर्वात जास्त. चष्मा लाव, लेन्स नको. नायलॉनचं जॅकेट घालू नकोस, ठिणगीने भोकं पडतात. जाड सुती चालेल. शिखर ४,८४२ फुटांवर, गावापेक्षा सुमारे २,४०० फूट उंच. वर चार-पाच अंश तरी थंड असतं, आणि डबे म्हणजे लाकडं वाहणाऱ्या जुन्या वाघिणींवर बाक टाकलेले. वारा अंगावर येतोच.

वरच्या भागातली लाल स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं नीट बघ. त्यांच्यासाठीच हे सगळं उभं राहिलं. वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने १९०१ मध्ये गाव वसवलं. स्प्रूसचं लाकूड व्हर्जिनियातल्या कव्हिंग्टनच्या कागद गिरणीत जायचं. कॅसची लाकूड गिरणी १९६० मध्ये बंद झाली, रूळ भंगारात जाणार होते. राज्याने ते विकत घेतले आणि १९६३ पासून प्रवासी गाडी सुरू केली. गिरणीची इमारत मात्र पुढे आगीत गेली, म्हणून तिथे फक्त अवशेष आहेत. कंपनीचं दुकान, कामगारांची एकसारखी पांढरी घरं आणि फळ्यांचे पदपथ उरले आहेत. काही घरं मुक्कामाला भाड्याने मिळतात, शक्य असेल तर तिथेच राहा. संध्याकाळी साहेबांच्या टेकडीवरच्या घरांपर्यंत चालत जा. कोण कुठल्या पगारावर राहायचा ते जागेवरूनच कळतं.

वाटेतल्या एल्किन्स गावाला पेट्रोलची टाकी भर आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेव. शेजारीच ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्यासाठी त्या भागात रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत, त्यामुळे मोबाइलला रेंज मिळेल ही आशा धरू नकोस. तिकीट आणि घराचं बुकिंग कागदावर छापून घे. मित्रमंडळी दोन गाड्यांतून येणार असतील तर भेटायची वेळ आणि जागा एल्किन्सलाच ठरवून निघा.

तुझी,
आई