जिवंत माशांचा खोका: जबाबदारी पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही

महोदय,

थंडी वाढली की नाशिकच्या मत्स्यालयप्रेमींमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. कोलकात्याहून किंवा मुंबईहून मागवलेल्या माशांचा खोका वेळेवर आला, पण आतले निम्मे मासे मेलेले निघाले. सारा दोष कुरिअरच्या माथी मारला जातो. अनेक वर्षे मासे पाळल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, बहुतेक वेळा माशाचे भवितव्य पिशवी बांधताना आणि ती घरी उघडताना ठरते.

पाठवण्यापूर्वी माशांना किमान एक दिवस, मोठ्या माशांना दोन दिवस उपाशी ठेवणे क्रूरपणाचे वाटेल. पण पोट रिकामे असले की बंद पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी साचतो. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर ऑक्सिजन हे प्रमाण जाणते व्यावसायिक पाळतात. घाईत बांधणारे पिशवी पाण्यानेच भरतात, त्यामुळे वजन वाढते आणि माशाला लागणारा प्राणवायू मात्र घटतो. कोपरे बांधून गोल केले नाहीत, तर गप्पीसारखे लहान मासे तिथे अडकून चिरडले जातात. काटेरी कॅटफिशला दुहेरी पिशवी हवी आणि एकमेकांशी झुंजणारा फायटर मासा तर प्रत्येकी वेगळाच ठेवायला हवा.

शोभेच्या बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना 24 ते 28 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, आणि आपल्या निफाडचा पारा हिवाळ्यात 10 अंशांखाली उतरतो. अशा वेळी थर्माकोलचा खोका अनिवार्य आहे. खोक्यात ऊब राहावी म्हणून ठेवल्या जाणाऱ्या हीट पॅकमधील लोखंडाची भुकटी हवेशी संयोग पावून उष्णता देते. म्हणून खोका पूर्ण हवाबंद केला तर तो पॅक थंड पडतो आणि पिशवीला थेट चिकटवला तर मासा भाजतो. तो कागदात गुंडाळून झाकणाच्या आतून लावावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पिशवी उघडण्याकडे. लांबच्या प्रवासात माशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मासा हळूहळू रुळावा म्हणून उघडी पिशवी तासन्‌तास टाकीत तरंगत ठेवणारे आपण, त्याच्या भल्यासाठीच धडपडत असताना, त्याला विषात ठेवत असतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगवून तापमान जुळवावे, मग ती उघडून मासे विनाविलंब जाळीने टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवावा आणि खाद्य घालू नये.

अमेरिकेचे टपालखाते बांधणीच्या ठराविक अटींवर मासे स्वीकारते. आपल्याकडे खोक्यावर दुसऱ्याच मालाचे नाव लिहून मासे धाडले जातात, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. आत जीव आहे हेच ठाऊक नसेल, तर हमालाने तो जपून कसा हाताळायचा? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव हा प्राणी मानला आहे आणि त्याला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक हा गुन्हा आहे. मासा त्यातून वगळलेला नाही.

म्हणून शहरातील विक्रेत्यांना विनंती आहे की, खोक्यावर 'जिवंत मासे' असे मोठ्या अक्षरांत मराठीत व हिंदीत लिहावे, खोका रविवारी गोदामात अडकेल अशा बेताने शुक्रवार-शनिवारी तो पाठवू नये आणि कडाक्याच्या थंडीत मागणी आली तरी ती पुढे ढकलावी. ग्राहकांनीही खोका दारी येण्याची वाट न पाहता कुरिअरच्या कार्यालयात जाऊन तो स्वतः ताब्यात घ्यावा.

– एक मत्स्यालयप्रेमी वाचक, इंदिरानगर, नाशिक