गेममध्ये आजीलाही घ्या

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'व्हिडिओ गेममुळे घरातलं बोलणं संपतंय' असा लेख आला होता, तो काही मला पटला नाही. गेम कुणासाठी बनवलाय ते आधी बघायला हवं.

निन्टेंडो या जपानी कंपनीने २००६ साली 'वी' हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणला तेव्हा बाकीच्यांचा सगळा जोर ग्राफिक्सवर होता, आणि यांनी दिला टीव्हीच्या रिमोटसारखा कंट्रोलर, टेनिस खेळायचं तर हात फिरवायचा, बास. अमेरिकेत त्याची किंमत २४९ डॉलर होती, त्याच वेळी आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ४९९ डॉलरला, शिवाय 'वी स्पोर्ट्स' हा गेम तिथे सोबतच मिळायचा. १० कोटींच्या वर कन्सोल विकले गेले, ते काय फक्त गेमर मुलांनी घेतले असतील?

आमच्या इंदिरानगरच्या घरी भावाने बाहेरून आणलेला वी होता. गेम म्हटलं की नाक मुरडणारी माझी आई पदर खोचून, कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकवून बॉलिंगला (क्रिकेटची नव्हे, चेंडू घरंगळवून पिना पाडायची) उभी राहायची आणि नातवाला म्हणायची, "सरक रे, माझा नंबर आहे." तिला एक बटण दाबून धरायचं आणि हात पुढे नेताना सोडायचं एवढंच शिकवावं लागलं, आणि त्या अर्ध्या तासात घरात जेवढा आरडाओरडा व्हायचा तेवढा एरवी दिवाळीतसुद्धा होत नाही.

मुलं एकटीच खोलीत बसून खेळतात ही लेखातली काळजी खरी आहे, मलाही आहे. म्हणूनच विनंती, सगळ्यांनी मिळून खेळता येतील अशा गेम्सवरही पुरवणीत एकदा सविस्तर लिहा.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक